सकाळच्या पहिल्या सेल्फला इंजिन खडखडतं? आधी ऐका, पाना नंतर

गाडी रात्रभर उभी असते. सकाळी सेल्फ मारला की बोनेटखालून टकटक, खडखड नाहीतर ठकठक सुरू होते. कधी दोन सेकंदांत थांबते, कधी पाच मिनिटं चालते. गॅरेजपर्यंत पोहोचेस्तोवर इंजिन तापलेलं असतं आणि आवाज पसार. मेस्त्री दोनदा रेस करून बघतात आणि सांगतात, "काही नाही साहेब, जुन्या गाडीला एवढं चालायचंच." किंवा सरळ सांगतात, "इंजिन काम निघालंय." यातलं कुठलंही वाक्य ऐकलंत, तरी एक विचारा: थंड इंजिनाचा आवाज तुम्ही ऐकलात का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं.

हा आवाज ओळखण्यात सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. खरी थंड सुरुवात दिवसातून एकदाच मिळते. इंजिन किमान सहा-आठ तास बंद राहिलं पाहिजे, तेव्हा कुठे वरचं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जमतं आणि धातू आक्रसून मूळ मापावर येतात. बाहेर निफाडची कडाक्याची थंडी आहे की रत्नागिरीचा दमट उकाडा, याने फरक पडतो, पण इंजिनाच्या हिशेबी तेवीस अंशांचं ऑइलसुद्धा थंडच. ही एकुलती एक संधी गाडी मालकाच्या दारात असताना येते, मेस्त्रींच्या नाही. म्हणून निदानाचं पहिलं अर्धं काम मालकानेच करायचं असतं. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

एक गोष्ट आधी बाजूला काढू. घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी ओढताना, ॲक्सिलरेटर दाबल्यावर जो खणखण असा धातूचा आवाज येतो, तो पेट्रोल वेळेआधी पेटल्याचा असतो. त्याची कारणं ऑक्टेन, कार्बन, जास्त तापलेलं इंजिन अशी आहेत. सुरू करतानाच्या आवाजाशी त्याचा संबंध नाही. ऑक्टेन वाढवणारं महागडं पेट्रोल भरून सकाळची टकटक जाणार नाही, ते पैसे वाचवा.

आणि एक अपवाद. आवाज पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर सुरू झाला असेल, तर पुढचं काहीही करू नका. हवेच्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडचं इंजिन पुन्हा पुन्हा सुरू केलं, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. गाडी टो करून न्या. विम्यात इंजिन प्रोटेक्टचं जोड कव्हर आहे का ते काढून बघा, कारण साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत.

पायरी १: आदल्या रात्रीची तयारी

गाडी सपाट जागी लावा. बंद गॅरेज असेल तर सकाळी शटर पूर्ण उघडायचंय हे लक्षात ठेवा, कारण सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. मदतीला घरातलं कुणीतरी घ्या. एकट्याने किल्ली फिरवून पुढे धावत जाईपर्यंत पहिले तीन सेकंद निघून जातात आणि नेमके तेच महत्त्वाचे असतात.

सकाळी किल्ली लावण्याआधी ऑइलची पट्टी काढा, फडक्याने पुसा, परत घालून काढा. रात्रभर उभ्या गाडीत मिळते तेवढी खरी पातळी दुसऱ्या कुठल्याही वेळी मिळत नाही. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर तपास इथेच थांबला. आधी योग्य ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालून पातळी भरा, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका. पट्टी नाकाजवळही न्या. पेट्रोलचा ठळक वास येत असेल, तर रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ झालं असेल. चहासारखा दुधाळ रंग दिसला तर कूलंट किंवा पाणी मिसळलंय. मग गाडी सुरूच करू नका. डिझेलचं ऑइल काही दिवसांतच काळं पडतं, त्याची काळजी नको.

पायरी २: ध्वनिमुद्रण

एसी बंद, रेडिओ बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बोनेट उघडा. फोनवर व्हिडिओ सुरू करून तो इंजिनापासून हातभर लांब धरा. ओढणी, मफलर, सैल बाही, लांब केस पट्ट्यापासून दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असतो आणि न सांगता फिरतो. मग मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही. दोन मिनिटं गाडी तशीच चालू द्या, मग मदतनीसाला क्लच एकदा पूर्ण दाबून सोडायला सांगा. शेवटी इंजिन बंद करतानाचा आवाजही रेकॉर्ड करा.

हे दोन-तीन दिवस रोज सकाळी करा. एका दिवसाच्या आवाजावर भरवसा नको. आवाज कसा आहे याचं वर्णन शब्दांत करणं अवघड असतं. एकाची टकटक ती दुसऱ्याची खटखट. पण आवाज केव्हा सुरू झाला, किती वेळ टिकला आणि कशाने बदलला हे घड्याळावर मोजता येतं. निदान त्यावरच उभं असतं.

व्हिडिओ नंतर पाव वेगाने लावून ऐका. बऱ्याच फोनमध्ये ही सोय असते. इंजिन ८०० आरपीएमवर असताना एका व्हॉल्व्हचा आवाज सेकंदाला साधारण साडेसहा वेळा येतो, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. क्रँक किंवा बिगएंड (रॉड क्रँकला जोडतो तिथलं) बेअरिंगचा ठोका दर फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला तेरा वेळा. कानाला हे दोन्ही नुसतं भरभर वाटतं. पाव वेगाला मात्र पहिला सेकंदाला दीड-दोनदा आणि दुसरा तीनपेक्षा थोडा जास्त, असा फरक बोटावर मोजता येतो. थंड इंजिन सुरुवातीला १२०० च्या आसपास फिरतं, म्हणून आरपीएम काट्यावर बघून हिशेब लावा. आवाज निम्म्या लयीत असेल तर तो वरच्या भागातला, म्हणजे हेडमधला असण्याची शक्यता जास्त. पूर्ण लयीत असेल तर खालचा.

पायरी ३: घड्याळ काय सांगतं

फक्त सेल्फ फिरत असताना करकर आणि इंजिन पेटताच शांत: हा इंजिनाचा आवाजच नाही. स्टार्टर मोटरचं पिनियन किंवा फ्लायव्हीलचे दात झिजलेत. ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम.

सुरू होताना एक धक्का आणि धप्प, बंद करतानाही तसंच: इंजिन फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी माउंटिंगवर इंजिन बसतं ते फाटलंय. उघड्या बोनेटमधून बघितलं तर इंजिन उडी मारताना दिसतं. खर्च बेताचा, काम सोपं.

क्लच दाबल्यावर आवाज बदलतो किंवा जातो: गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा डबल मासचं फ्लायव्हील. नवीन डिझेल गाड्यांमध्ये हे दुसरं प्रकरण बरंच दिसतं. इंजिन खोलायला निघालेल्या मेस्त्रींना इथे थांबवता येतं.

पहिले एक ते तीन सेकंद जोराची खडखड, मग एकदम बंद: ऑइल वर पोहोचायला उशीर लागतोय. क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन सैल लटकते आणि कव्हरला किंवा गाइडला थडकते. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या गिअरची लॉक पिन झिजली असेल तरी हाच आवाज. सकाळच्या तक्रारींत हा प्रकार फार आढळतो, आणि बरेचदा निव्वळ ऑइल-फिल्टरवर सुटतो.

अर्धा-एक मिनिट ते काही मिनिटं बारीक, कोरडी टिकटिक: हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारे) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांची, गळती. रात्री इंजिन जिथे थांबलं तिथे काही व्हॉल्व्ह अर्धवट उघडे राहतात आणि त्यांच्या स्प्रिंगच्या दाबाने त्या टॅपेटमधलं ऑइल रात्रभरात पिळून निघतं. रोज इंजिन वेगळ्या जागी थांबतं, म्हणून ही टिकटिक एक दिवस येते, दोन दिवस येत नाही. असा लपंडाव असेल तर टॅपेट. रोज न चुकता येऊन तापल्यावर जात असेल तर मॅनिफोल्ड बघा. गॅस्केटजवळ काजळीचा काळा फराटा दिसतो, धातू फुगला की फट बुजते.

सुरू झाल्यापासून पोकळ, दबकी टकटक, रेस केल्यावर वाढणारी, पाच-दहा मिनिटांत विरणारी: पिस्टन स्लॅप. ॲल्युमिनियमचा पिस्टन थंड असताना सिलिंडरमध्ये किंचित सैल असतो आणि डोलतो. तापला की फुगून बसतो. ऐकायला वाईट, पण ऑइल खात नसेल आणि धूर नसेल तर अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात. मी तरी निव्वळ या आवाजासाठी इंजिन उघडणार नाही.

तापल्यावरही न जाणारा, उलट खोल होणारा ठोका, १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान आणि लोडवर स्पष्ट: बेअरिंग. गाडी बंद. चालवत गॅरेजला नेऊ नका.

आणखी दोन आवाज मुळात आजार नाहीत. एक, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नव्या इंजिनांचा हाय प्रेशर पंप टिकटिकतोच, आणि पहिलं मिनिटभर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला इंजिन मुद्दाम जास्त आरपीएमवर आणि खरखरीत चालतं. दोन, सीएनजी. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. त्या क्षणी सीएनजीची इंजेक्टर रेल कटकट करू लागते आणि नवखा माणूस टॅपेट वाजतायत म्हणून घाबरतो. स्विच दाबून गाडी पेट्रोलवर घ्या. कटकट त्याच क्षणी थांबली तर विषय संपला.

पायरी ४: ऑइल आणि फिल्टर, नीट

खालचं बेअरिंग नक्की गेलंय असं वाटत नसेल, तर पहिला खर्च इथेच करा.

ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. पाच डब्ल्यू तीस, शून्य डब्ल्यू वीस असं काहीतरी लिहिलेलं असेल. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड असताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं पटकन वर पोहोचतं. आपल्याकडे एक रूढ सल्ला आहे: गाडी जुनी झाली, आवाज करते, तर जाड ऑइल टाका. वीस डब्ल्यू पन्नास टाकलं की तापल्यावर आवाज खरंच दबतो आणि सगळे खूश होतात. पण सकाळी तेच जाड ऑइल चेनच्या टेन्शनरपर्यंत पोहोचायला आणखी वेळ घेतं. म्हणजे दुपारचा आवाज कमी करून सकाळची झीज वाढवली. बारीक छिद्रांतल्या ऑइलवर व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या इंजिनांत तर हे निखालस चुकीचं आहे. बाटलीतून मिळणाऱ्या आवाजबंद ट्रीटमेंटचीही तीच गत: जाड करतात, बरं करत नाहीत.

फिल्टरकडे कुणी बघत नाही, पण सकाळच्या दोन सेकंदांच्या खडखडीत तो खरा संशयित असतो. स्क्रूने बसणाऱ्या डब्यासारख्या फिल्टरच्या तोंडाकडे बघा. मधे आटे असलेलं मोठं भोक, भोवती लहान छिद्रांची रांग. त्या छिद्रांतून आत डोकावलं तर रबराची एक गोल चकती दिसेल. ती रात्री ऑइल परत खाली जाऊ देत नाही. काडीने हळूच दाबून बघा. चांगल्या फिल्टरची चकती मऊ असते, आत दबते आणि सोडताच परत चिकटून बसते. डुप्लिकेट किंवा जुन्या फिल्टरमध्ये ती कडक, वाकडी किंवा एका बाजूने उचललेली सापडते. मग रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. कंपनीचा अस्सल फिल्टर आणि रस्त्यावरचा फिल्टर यांच्या किमतीत फार तर शे-दोनशे रुपयांचा फरक असतो. इथे काटकसर नको.

आता बदलायचं कसं. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा आणि बंद करा. गाडी उचलायची तर जॅकवर ठेवून खाली कधीच शिरू नका. जॅक स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा. चेंबरच्या ड्रेन बोल्टखाली पसरट टब ठेवा, बोल्ट सैल करून शेवटचे आटे हाताने काढा. वाहणारं ऑइल बघत राहा. उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी-रुपेरी चमक तरंगताना दिसली, तर ते झिजलेलं धातू आहे. तळाशी लोहचुंबक फिरवा: चुंबकाला चिकटलं ते लोखंड, म्हणजे चेन, कॅम किंवा रिंगचं. न चिकटणारी चमक तांब्याची, कथलाची किंवा ॲल्युमिनियमची, म्हणजे बहुधा बेअरिंगची. चुंबकावर थोडी राखाडी मेणासारखी भुकटी प्रत्येक इंजिनात मिळते, त्याने घाबरू नका. चमक किंवा तुकडे मिळाले तर जुना फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्या उघडून बघा, तिथे खरा ऐवज अडकलेला असतो.

बोल्टला नवा वॉशर लावा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर लावून खाणारे बरेच असतात. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला नवं ऑइल चोळा. फिल्टर उभा बसत असेल तर त्यात आधीच ऑइल भरा. हाताने फिरवत रबर टेकलं की पुढे पाऊण फेरा, बस्स. पाना लावायचा नाही. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बघायचं विसरू नका, नाहीतर सुरू करताच ऑइलचा कारंजा. ऑइल मापाने भरा, एक मिनिट चालवा, पाच मिनिटं थांबा, पट्टी बघा. निघालेलं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतायचं नाही. डब्यात भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते पुनर्प्रक्रियेला जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा व्हिडिओ. खडखड गेली तर छान. टॅपेटची टिकटिक मात्र लगेच जाईलच असं नाही. चांगल्या ऑइलवर काहीशे किलोमीटर गाडी चालू द्या, चिकटलेले टॅपेट हळूहळू मोकळे होतात.

पायरी ५: दोष ऑइलच्या उशिराचाच आहे का?

साध्या पेट्रोल गाडीवर एक स्वच्छ चाचणी करता येते. रात्री गाडी चालू असताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेल. सकाळी फ्यूज न लावता सेल्फ पाच सेकंद मारा, थोडं थांबून पुन्हा पाच सेकंद. इंजिन पेटणार नाही, पण पंप ऑइल वर चढवेल. मग किल्ली बंद करून फ्यूज लावा आणि नेहमीप्रमाणे सुरू करा. रोजची खडखड आज आली नाही, तर चेन किंवा टेन्शनर दाबाची वाट बघत होते हे सिद्ध झालं. आली, तर भाग स्वतः झिजलेला आहे. बॅटरी अशक्त असेल तर हा प्रयोग टाळा. थेट इंजेक्शनच्या आणि डिझेल गाड्यांवर करूच नका.

पायरी ६: बाहेरचे आरोपी आणि लांब स्क्रूड्रायव्हर

अल्टरनेटर, एसी कंप्रेसर, वॉटर पंप, पट्ट्याचा टेन्शनर यांची बेअरिंग थंड असताना हुबेहूब इंजिनासारखी वाजतात. थंड इंजिनाचा पट्टा उतरवा आणि गाडी वीस-तीस सेकंद चालवा. आवाज गेला तर दोष पट्ट्यावरच्या कुठल्यातरी पुलीचा आहे. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर असतो, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर चालवायचं नाही. इंजिन बंद असताना प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा: खरखर किंवा डगमग जिथे, तिथे गुन्हेगार. सायलेन्सरवरचं पत्र्याचं हीट शील्डही बोटाने हलवून बघा. त्याचा गंजलेला स्क्रू बदलून संपणाऱ्या "इंजिनाच्या" तक्रारी प्रत्येक गॅरेजने बघितलेल्या असतात.

मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवा. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप काहीशे रुपयांत मिळतो, तो जास्त सुरक्षित. चार जागा ऐका: वरचं टॅपेट कव्हर, बाजूचं चेन कव्हर, ब्लॉकची भिंत, खालचं चेंबर. सगळीकडे आवाज येईल, धातू आवाज वाहून नेतोच. जिथे तो तीक्ष्ण होतो ती जागा लक्षात ठेवा.

इथे आपल्या इंजिनात टायमिंगला चेन आहे की पट्टा, हे माहीत हवं. मारुती ८००, ऑम्नी, पहिली अल्टो यांना टायमिंग बेल्ट आणि स्क्रूने सेट होणारे टॅपेट. तिथे टिकटिक म्हणजे फीलर गेज लावून गॅप सेट करणे, अर्ध्या तासाचं काम. चेन वाजण्याचा प्रश्नच नाही. याउलट स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो या सगळ्यांत गेलेलं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल चेनचं आणि हायड्रॉलिक टॅपेटचं. मारुतीने २०२० मध्ये बीएस ६ आल्यावर डिझेल बंद केलं, तरी जुन्या बाजारात हे इंजिन भरपूर फिरतंय. ऑइल वेळेवर न बदललेल्या अशा गाडीत चेन ताणली जाते आणि सकाळी बोलते.

पायरी ७: गेजशिवाय इंजिन खोलू देऊ नका

डॅशबोर्डवरचा लाल ऑइल दिवा लागत नाही म्हणजे दाब ठीक आहे, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. तो दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. ऑइल प्रेशर स्विच काढून त्याच्या जागी यांत्रिक गेज लावायचा, थंड आणि पूर्ण गरम अशा दोन्ही वेळी आकडा घ्यायचा. अनेक इंजिनांत गरम आयडलला एक बारच्या आसपास आणि २०००-३००० आरपीएमला त्याच्या दुपटी-तिपटीने असतो. तुमच्या इंजिनाचा खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे. गेजचं काम अर्ध्या तासाचं. ते न करता "इंजिन काम" सांगणाऱ्याला अंदाजाचे पैसे द्यायचे का, हे तुम्ही ठरवा.

दाब चांगला, आवाज चेन कव्हरमधून, आणि स्कॅनरवर पी ००१६ सारखा क्रँक-कॅम मेळ नसल्याचा कोड: चेन ताणली आहे. बदलताना टेन्शनर, गाइड आणि दातेरी चक्रांसकट संच घ्या. नवी चेन झिजलेल्या दातांवर लवकरच पुन्हा वाजते. हे काम नवख्याने स्वतः करू नये. दात चुकले तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात.

दाब कमी, ठोका खालून: बिगएंड किंवा मेन बेअरिंग. कुठल्या सिलिंडरचं ते असं कळतं: आयडलला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा आणि लावायचा. ज्याचा काढल्यावर ठोका मऊ पडतो, तो सिलिंडर. स्पार्क प्लगची कॉइल काढू नका, झटकाही बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर खराब करतं. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर पुसता येतो. ही चाचणी काही सेकंदांत उरका, कारण त्या बेअरिंगचा प्रत्येक ठोका क्रँक खातोय.

इथून पुढे चेंबर उतरतो, क्रँक मायक्रोमीटरने मोजला जातो, ओरखडे असतील तर क्रँक ग्राइंडिंग मशीनवर घासून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग बसतात. ऑइल पंप आणि त्याची जाळी बदलायला लावा, ऑइलच्या वाहिन्या साफ करून घ्या. नुसते बेअरिंग शेल बदलून दिलेलं काम काही महिन्यांत परत येतं, कारण दाब कमी होण्याचं कारण आत तसंच राहिलेलं असतं.

डिझेलवाल्यांसाठी

थंड डिझेलची कडकड बऱ्याच अंशी त्याचा स्वभावच. थंड हवेत डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात जास्त डिझेल साठतं आणि एकदम भडकतं. किल्ली फिरवल्यावर दिसणारा पिवळा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. घाईत हे कुणी करत नाही. कडकडीबरोबर पांढरा धूर आणि थरथर असेल तर ग्लो प्लग तपासा: कनेक्शन काढून मल्टिमीटरने रोध मोजला की चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, मेलेला अनंत रोध (ओएल) दाखवतो. एकाच सिलिंडरमधून कडक ठोका येत असेल आणि तो गरम झाल्यावरही राहत असेल, तर डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे इंजेक्टरची रिटर्न चाचणी (परत जाणारं डिझेल मोजणं) करून घ्या. कनेक्टर काढल्यावर हा ठोका मऊ न पडता एकदम नाहीसा होतो. हा फरक टिपता आला तर बेअरिंगच्या नावाखाली इंजिन उघडण्याचा खर्च वाचतो.

गॅरेजला नेताना

गाडी आदल्या संध्याकाळी ठेवा आणि सांगा, "दादा, सकाळी मी आल्याशिवाय सेल्फ मारू नका." तीन दिवसांचे व्हिडिओ, बाहेरचं तापमान, शेवटचं ऑइल कधी आणि कुठल्या ग्रेडचं, आवाज किती सेकंद, हे एका कागदावर लिहून द्या. चांगला मेस्त्री याने चिडत नाही, खूश होतो.

जुनी गाडी विकत घ्यायला जाताना हीच युक्ती उलटी वापरा. सकाळची वेळ ठरवा आणि पोहोचताच, बोलण्याआधी, बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर मालकाने गाडी आधीच फिरवून आणली आहे. दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणा, आणि तेव्हाही बोनेट गरमच निघाला तर दुसरी गाडी बघा.